एका भावाच्या गळ्यासाठी

मंगळवारी सकाळची फेरी घेऊन साताऱ्याकडे निघालो आणि सांगली मागे पडल्यावर पहिल्याच मोठ्या वळणावर शिजत्या हळदीचा वास खिडकीतून आत आला. हा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगता येत नाही, आणि ज्याने घेतला आहे त्याला सांगावा लागत नाही. शेताच्या कडेला मोठ्या पिंपातून वाफ निघत होती, बाया तोंडाला पदर बांधून हळकुंडं पसरत होत्या आणि मी, सव्वीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, तिकिटाच्या मशीनवर बोट ठेवून तसाच उभा राहिलो.

"आवं कंडक्टर," पुढच्या सीटवरच्या मावशी म्हणाल्या, "उभ्या उभ्या झोपलासा काय? पलूस द्या दोन."

झोपलो नव्हतो. लेंटमध्ये जाऊन पोचलो होतो. त्याच वेळी खिशातला फोन एकदाच वाजला आणि बंद झाला. मग पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा. तीन मिस कॉल. ते कुणाचे, हे फोन न काढताही मला कळलं. पण ते पुढे सांगतो. पुढे सांगतो म्हणून थांबवून ठेवणं ही माझी जुनी खोड आहे.

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरात या दिवसांत प्रत्येकाने काहीतरी सोडायचं असतं. कुणी मटण सोडतं, कुणी चहा, आमचे एक वडीलधारे दरवर्षी राग सोडायचे आणि तो सुटत नाही म्हणून चाळीस दिवस चिडलेले असायचे. आमच्याकडे हा काळ हळदीबरोबर येतो. इकडे हळद शिजते, तिकडे पलूसच्या बाजूला बेदाण्याच्या शेडवर हिरव्या जाळ्या चढतात, ऊन अजून बोचत नाही पण नखं काढून बसलेलं असतं. अशा दिवसांत मला दरवर्षी एकच लेंट आठवतो. पाच वर्षांपूर्वीचा.

त्या वर्षी आमच्या पाळकसाहेबांचा पाय मोडला. लेंटमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरते, तिथे बोध कोण करणार हा प्रश्न आला. साहेब प्लास्टर उशीवर ठेवून म्हणाले, "दावीद, बसमध्ये पन्नास माणसांना तू चार तास हसवतोस. तीस घरांना सहा शुक्रवार सांभाळशील ना?"

सांभाळीन म्हणालो. मला कुणी बोलायला सांगितलं आणि मी नाही म्हटलं, असं आजवर घडलेलं नाही.

आता बोध कशावर करावा? मी विचार केला, प्रभूने गोष्टी सांगितल्या त्या पेरणाऱ्याच्या, मेंढरांच्या, जाळ्याच्या. का? तर लोकांच्या डोळ्यांपुढे तेच होतं. मग आज आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे काय आहे? संध्याकाळी साडेसातची मालिका! चार मित्र, एका गिरणीबाहेरचा एक पाय मोडका बाक आणि त्या बाकावर बसून चौघांनी केलेले उद्योग. एक बढाईखोर, एक चिक्कू, एक रडका आणि एक भोळा. सगळा जिल्हा तेव्हा साडेसातला जेवायचं थांबवून ती बघायचा. मी जाहीर केलं: सहा शुक्रवार, विषय मैत्री, आधार शास्त्र, म्हणजे बायबल, आणि मालिका.

गंमत अशी, की आमच्या निम्म्या मंडळीने त्या वर्षी लेंटसाठी टीव्हीच सोडला होता. मला वाटलं, झालं, बोंबललं. पण दुसऱ्याच शुक्रवारी घराबाहेर चपलांचा ढीग पडला. टीव्ही सोडलेले सगळे हजर! उपवासही मोडत नव्हता आणि आठवड्याचे भागही चुकत नव्हते. मी भाग साभिनय सांगायचो, मग हळूच शास्त्राकडे वळायचो. एक आजी तर मध्येच म्हणाल्या, "शास्त्र हुईल रं सावकाश, त्या चिक्कूचं लगीन ठरलं का ते सांग आदी."

मी सांगायचो: बघा, बाकाचा एक पाय मोडका आहे. चौघं एकदम उठले तर तो कलंडतो, म्हणून कुणीतरी एकजण नेहमी बसून राहतो. मैत्री म्हणजे दुसरं काय? दुसऱ्याचा तोल जाऊ नये म्हणून बसून राहणं. आणि लगेच शास्त्रातले ते चौघे, ज्यांनी लुळ्या मित्राला खाटेसकट उचललं, गर्दीमुळे दार सापडेना तर छप्पर उसकटून खाली प्रभूपुढे सोडलं. तेव्हा कौलं कशी उचकटली, घरमालक खालून कसा ओरडला, हे मी असं करून दाखवलं, की ज्यांच्या घरी सभा होती ते वर पत्र्याकडे बघायला लागले.

आणि या सगळ्यांत मोठ्याने हसायचा तो शमू.

शमुवेल. कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा, हाताला कायम तेलाचा वास असलेला, देवळातल्या रविवारच्या शब्बाथ शाळेपासूनचा माझा मित्र. आमच्या मंडळीचा गळा म्हणजे शमू. पेटी तो वाजवायचा आणि गीत तो उचलायचा. त्याने पहिली ओळ लावली की मागच्या बाकावर पेंगणारी माणसंही सुरात जागी व्हायची. त्याचं हसणंसुद्धा गाण्यासारखंच, खालून सुरू होऊन वर चढायचं. मी विनोद कुणासाठी करत होतो म्हणाल तर, खरं सांगू, त्या हसण्यासाठी. तीस घरं नंतर.

चौथ्या शुक्रवारी सभेच्या आधी त्याने मला पेटीचा भाता दाखवायचा म्हणून देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर बोलावलं. ऊन उतरलं होतं. भात्याला काही झालेलं नव्हतं.

"दाव्या, येक सांगतो. पन कुनाला बोलू नगंस."

"मी? आरं, मी म्हंजे विहीर हाय विहीर."

"तू विहीर न्हाईस. तू लाउडस्पीकर हायस. म्हनून तर हात जोडून सांगतोय."

आणि त्याने खरंच हात जोडले. मला हसू आलं, मग येईनासं झालं. त्याच्या घशात गाठ होती. मिरजेला तपासणी झाली होती, तुकडा काढून पाठवला होता, उत्तर आलं होतं. ईस्टर झाल्यावर ऑपरेशन. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

"वहिनीला सांगितलंस?"

"न्हाई. झावळ्यांच्या रविवारी गाऊन घेतो. सोमवारी सांगतो मार्थाला. आदी कळलं तर ती रडनार. ती रडली की मंडळी रडनार. मंडळी रडली की मी गानार कसा?" तो पेटीच्या पांढऱ्या पट्टीवरून रिकामंच बोट फिरवत राहिला. "यकदा मला गाऊ दे गड्या. पेशंट म्हनून न्हाई. नुसतं शमू म्हनून."

"मग मला तरी का सांगितलंस?"

"कुनाला तरी सांगितल्याबिगर सूरच लागंना."

झावळ्यांचा रविवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या तोडून आणायच्या, हातात धरून गल्लीतून देवळापर्यंत गात जायचं, आणि मिरवणुकीच्या पुढे होसान्ना, म्हणजे प्रभूच्या जयजयकाराचं गीत, उचलायचं ते शमूने. एकवीस वर्षं तोच. बाविसावं वर्ष सोळा दिवसांवर होतं. सोळा दिवस मला एक गोष्ट पोटात ठेवायची होती. एवढंच. कुणी छप्पर उसकटायला सांगितलं नव्हतं.

मी चौदा दिवस ठेवली.

हे चौदा दिवस विचारू नका. मी माझं दुःख पचवू शकतो, दुसऱ्याचं गुपित पचत नाही. मला खरोखर आम्लपित्त झालं. बसमध्ये अनोळखी माणसाला सांगावं असं दोनदा मनात आलं. पाचव्या शुक्रवारी मी कशावर बोध केला असेल? शास्त्रातला तो सगळं गमावून राखेत बसलेला माणूस आणि त्याला भेटायला आलेले तीन मित्र. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. ते तिघं तोंड उघडून उपदेश करतात त्याची मी अशी नक्कल केली, की हशा थांबेना. शमू हसता हसता खोकला, आणि खोकत असताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली. इतकं शहाणपण मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आठच दिवस आधी.

सहावा शुक्रवार. आमच्या सभांत एक पद्धत आहे. बोध झाला की पुढारी विचारतो, "प्रार्थनेच्या विनंत्या?" मग ज्याला त्याला जे हवं ते तो सांगतो: मुलीची परीक्षा, जतच्या भावाच्या विहिरीला पाणी, गुडघा. मग सगळे डोळे मिटतात आणि एकेक जण त्या विनंत्या देवापुढे मांडतो. आमच्याकडे गुपितं फुटतात ती चुगलीने नाही. ती प्रार्थनेतून फुटतात, हात जोडून, पाणावल्या डोळ्यांनी, आणि म्हणून कुणाला दोषही देता येत नाही.

त्या संध्याकाळी बोध असा रंगला होता, की माझ्या अंगात वारं शिरलेलं. भोळ्याने मित्रांचं गुपित फोडलं तो भाग मी सांगितला होता. शेवटी सगळे त्याच्या गळ्यात पडतात, संगीत वाजतं, बावीस मिनिटांत सगळं गोड. विनंत्या विचारणारा मीच होतो. माझं पोट जळत होतं. मला वाटलं, मी कुणाला सांगत नाही, मी देवाला सांगतोय. नाव तर घेणारच नाही.

"आपल्यातल्या एका भावाच्या गळ्यासाठी," मी म्हणालो.

अहो, आमच्या मंडळीत गळा एकच होता!

सगळ्यांनी डोळे मिटले. राग सोडणारे वडीलधारे प्रार्थनेला उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "हे प्रभू, आमच्या शमुवेलच्या गळ्याला तू स्पर्श कर."

प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. माझे उघडे होते. म्हणून मी पाहिलं, की बायकांमध्ये बसलेल्या मार्थावहिनींनी डोळे उघडले. त्यांनी शमूकडे पाहिलं. शमू पेटीकडे बघत होता. मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि भोवती पंचवीस माणसं, मिटल्या डोळ्यांनी, प्रेमाने, एकामागून एक त्या गळ्यासाठी रडत होती. मला कुणाला थांबवता येईना. प्रार्थना मध्येच थांबवतात कशी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी पोचतो तोवर मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. सकाळी साताऱ्याहून माझ्या मेव्हण्याचा फोन. "दाजी, शमूदादाच्या गळ्याचं खरं हाय का वो? आमच्या हितल्या मंडळीनं उपास धरलाय." दुपारपर्यंत शमूच्या घरी तीन गावची माणसं, द्राक्षांच्या पेट्या आणि प्रार्थना केलेल्या तेलाची एक बाटली पोचली होती.

मी गेलो. वहिनी दारातच होत्या.

"भावजी, माझ्या नवऱ्याचं दुखनं मला दुसऱ्याच्या प्रार्थनेतनं कळलं."

एवढंच. त्या रडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर माझ्याकडे शब्द होते. माझ्याकडे शब्द कायमच असतात. या वेळी मी फक्त चपला काढल्या. आत शमू पाहुण्यांच्या गराड्यात बसला होता. त्याने मान वर करून मला "ये" म्हटलं, जसं कुणालाही म्हणतात तसं.

रविवारी झावळ्या निघाल्या. ऊन स्वच्छ होतं. शमू पुढे, पेटी गळ्यात अडकवलेली. त्याने होसान्नाची पहिली ओळ उचलली, आणि ती ओळ अशी होती की, काय सांगू, गल्लीतल्या दुसऱ्या घरांची माणसंही दारात आली. पण आमच्यातलं कुणी गीत ऐकत नव्हतं. सगळे त्याचा गळा बघत होते. दुसऱ्या ओळीला सभेतल्या त्या आजीने हुंदका दिला. तिसरीला बायकांच्या झावळ्या तोंडावर गेल्या. शमू थांबला. त्याने चौफेर एकवार पाहिलं, पेटीचा भाता मिटला आणि हुकात अडकवला.

"म्होरलं तुमी म्हना," तो म्हणाला.

कुणालाच म्हणता येईना. देवळापर्यंतचा उरलेला रस्ता आम्ही मुकाट्याने चाललो. नुसती झावळ्यांची सळसळ. तेवढीच मिरवणूक.

मालिकेत अशा वेळी मागून साठवलेला हशा सोडतात किंवा संगीत. मी सहा शुक्रवार लोकांना जे शिकवलं त्यात हे कुठेच नव्हतं, की चूक मनापासून प्रेमाने केलेली असली तरी ती चूकच राहते, आणि तिने नेलेला रविवार कुणी परत आणून देत नाही. मी हा रविवार परत मिळावा म्हणून प्रार्थना केली आहे. करतो. काय मागतोय ते मलाही धड कळत नाही.

ऑपरेशन झालं. शमू वाचला, आवाज गेला. आता त्याच्या गळ्याशी एक छिद्र आहे, त्यातून तो श्वास घेतो, त्यावर वहिनींनी शिवलेला पांढरा रुमाल असतो. लेथवरून त्याला स्टोअरमध्ये दिलं. बोलण्यासाठी त्याने शाळेची पाटी घेतली. मी म्हटलं, मोबाइलवर लिही की. त्याने पाटीवर लिहिलं, "मोबाइलवरचं फिरतं. पाटी पुसता येते." मी समजलो.

त्यानंतर मी दर शुक्रवारी संध्याकाळी त्याच्याकडे जाऊ लागलो. ठरवलं होतं, त्या घरात तोंड उघडायचं नाही. बसायचं फक्त. मालिकेचे जुने भाग पुन्हा लागायचे, आम्ही दोघं शेजारी बसून बघायचो. तो हसायचा. अजूनही तसंच, खालून सुरू होऊन वर चढणारं. फक्त आता त्यातलं काहीच ऐकू यायचं नाही. खांदे हलायचे आणि रुमाल उडायचा. मी टीव्हीकडे बघत राहायचो.

सात-आठ शुक्रवार असे गेल्यावर त्याने पाटी माझ्या मांडीवर आपटली. लिहिलं होतं: "मी गप हाय ते नाइलाज हाय. तुला काय झालंय? बोल की आता, घर झोपाया लागलंय."

मी बोललो. बसमधली कोंबडी पळाल्याची गोष्ट सांगितली. वहिनी आतून ऐकत होत्या, भांड्याचा आवाज थांबला होता. पुढे एकदा धीर करून म्हणालो, "शम्या, त्या शुक्रवारचं... माफ केलंस का मला?" त्याने पाटीवर लिहिलं, "भाग चालू हाय. गप बस." नंतर पाच वर्षांत हा विषय निघाला नाही. त्याने मला सगळं दिलं: चहा, टिंगल, शेजारची खुर्ची. पुन्हा एक गोष्ट मात्र सांगितली नाही. म्हणजे मनातली, आतली. पाटीवर हवापाणी असायचं. मला ते कळायचं आणि मागताही येत नव्हतं. माझ्या पोटात काही राहत नाही हे ज्याने सोसून पाहिलं, त्याला मी कोणत्या तोंडाने म्हणू, की सांग?

तर मंगळवारचे ते तीन मिस कॉल शमूचे. त्याला बोलता येत नाही, म्हणून आमची खूण ठरलेली: एक म्हणजे जेवलास का, दोन म्हणजे फोन उचलू नको, चुकून लागला, आणि तीन म्हणजे ये. पाच वर्षांत तीन कधी आले नव्हते. फेरी संपवून परतल्यावर गणवेशातच गेलो. शमू अंगणात बाकावर बसला होता. वहिनी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, या टायमाला मला आदी सांगितलंय त्यांनी. दुसरे तुमी."

शमूने पाटीवर लिहिलं. सावकाश, मोठ्या अक्षरांत. माझ्याकडे केली. मी वाचलं. त्याने ओल्या फडक्याने पुसलं, आणि कोऱ्या पाटीवर लिहिलं: "कुनाला न्हाई."

मला हात जोडावेसे वाटले. पण त्याने जोडले नव्हते. या वेळी त्याने हात जोडले नाहीत. मी त्याच्याशेजारी बसलो. पलीकडच्या शेतातून हळदीची वाफ येत होती. मला काही करता येण्यासारखं नव्हतं. बाकावरून उठायचं नाही, एवढंच मला माहीत होतं.

तुम्ही विचाराल, काय लिहिलं होतं? वाईट की चांगलं? विचारू नका. हा लेख छापायला द्यायच्या आधी शमूला वाचायला दिला. त्याने दोन ओळी खोडल्या आहेत, आणि "कंडक्टर लय शाना" असं समासात लिहिलं आहे.

दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, लेंट सुरू झाला. देवळात उपासना होती, नव्या पाळकसाहेबांची. शमू पुढे पेटीवर. गात नाही, पण वाजवतो. गीत दुसरं कुणी उचलतं. बोध झाला, साहेब पुस्तक मिटून म्हणाले, "प्रार्थनेच्या विनंत्या?" शमू पेटीवर हळुवार सूर धरून होता.

पहिली विनंती गुडघ्याची आली. दुसरी एका नोकरीची. मग माझा उजवा हात आपोआप वर निघाला. सव्वीस वर्षं बसमध्ये दोरी ओढलेला हात आहे, तो मला विचारत नाही. खांद्यापर्यंत आला. साहेब माझ्याकडे बघू लागले. वडीलधारे वळले. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

शमूने मागे वळून पाहिलं नाही. फक्त त्याच्या डाव्या हाताखालचा भाता थांबला.

"बोला, दावीदभाऊ," साहेब म्हणाले.

पोट जळत होतं. जळू दे म्हटलं. हात तसाच पुढे नेऊन मी समोरच्या बाकाची पाठ धरली.

"माझं काही नाही, साहेब," मी म्हणालो.

मग भाता हलला, आणि पेटीने श्वास घेतला.